टॉवेल, चादर आणि सात नंबर

दिवाळीच्या आधी घरं आवरायला निघाली की भंगारवाल्याला भाव येतो. त्या दुपारी कूलरचा गंजलेला स्टँड घेऊन मी दारात उभी होते आणि तो तराजूच्या दोऱ्या सोडवत होता. गाड्यावर तेलाचे डबे, सायकलचं मडगार्ड, कुणाची तरी बिनपात्याची मिक्सर मोटर. त्या ढिगातून एक चकचकीत दांडी वर आली होती. ओढून पाहिली तर खाली वाकडं तोंड, आणि तोंडाच्या बुडाला सातचा आकडा कोरलेला.

"हॉकीची हाय की ओ अक्का," तो म्हणाला. "लोखंड हाय. वजनावर जातंय."

अर्धा किलोसुद्धा भरली नाही. स्टँडच्या पैशातून वळती झाली आणि घरात आली. वरचं रबर उन्हानं चिकट झालं होतं, ते ब्लेडनं सोलून काढलं आणि बॅडमिंटनच्या रॅकेटला गुंडाळतात ती पट्टी गुंडाळली. झाली गोल्फची काठी तयार. गड्ड्याच्या जत्रेतल्या सात काठ्यांच्या आमच्या सोलापुरात आणखी एक, सात नंबरची.

खरं तर गोल्फचा आणि आमचा संबंध काय? हे क्रिकेटचं गाव. कसोटीपटू पॉली उम्रीगर इथं जन्मले, १९२६ साली, हे इथं कुणीही सांगेल. पार्क मैदानावर रणजीचा सामना लागला की अर्धी कचेरी डबा घेऊन तिकडं. गोल्फ म्हणजे टीव्हीवर चॅनल बदलताना लागणारं हिरवं गवत. फक्त एकदा, ७ ऑगस्ट २०२१ ला, शनिवारी भल्या पहाटे अख्खा देश उठून गोल्फ बघत बसला होता. टोकियोला अदिती अशोक पदकाच्या दारात उभी होती. बर्डी काय, बोगी काय, चहाचा दुसरा कप होईपर्यंत सगळ्यांना सगळं कळायला लागलं होतं. एका फटक्यानं पदक हुकलं, चौथी आली. संध्याकाळी नीरज चोप्राचा भाला गेला आणि सकाळचं लोक विसरून गेले. माझ्या मात्र डोळ्यांपुढून तिची आई जाईना. मुलीची ती जाडजूड बॅग खांद्यावर घेऊन चारही दिवस तिच्या बरोबरीनं चालणारी.

आता काठी आल्यावर ती फिरवायची कशी, हा प्रश्न आला. पुण्यातला भाचा म्हणाला, मावशी, शिकवणी लाव. तासाचा दर ऐकला आणि विषय संपवला. त्या पैशात महिन्याचा किराणा येतो, आणि शिवाय पुण्याला जायचं भाडं. मग राहिला फोन. फोनमध्ये गुरू इतके की शिष्य कमी पडावेत. एक म्हणतो डोकं अजिबात हलवू नका, दुसरा म्हणतो डोकं धरून ठेवल्यानंच तुमचं वाटोळं झालंय. एक म्हणतो डावा हात ताठ, दुसरा म्हणतो ताठ म्हणजे ताठ नव्हे. सगळे दात दाखवून हसतात आणि सगळ्यांचा चेंडू सरळच जातो. माझं मत विचाराल तर नवशिक्यानं यांच्यातला एकच धरावा, बाकीच्यांचे आवाज बंद करावेत. मी एक टकल्या धरला. कारण तो टॉवेल वापरत होता.

म्हणजे असं. छातीवरून आडवा टॉवेल घ्यायचा, दोन्ही टोकं दोन्ही बगलांत दाबायची आणि काठी अर्धीच फिरवायची, कमरेपासून कमरेपर्यंत. टॉवेल खाली पडला म्हणजे हात अंगापासून सुटले, नुसत्या हातांनी ओढलं. नाही पडला म्हणजे खांदे फिरले, हात त्यांच्यासोबत गेले. शिकवायला कुणी लागत नाही, पडलेला टॉवेलच सांगतो. आता सोलापूरच्या बाईला टॉवेल दाखवला की ती आधी स्विंग बघत नाही, टॉवेल बघते. आमचे वडील टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम होते. लग्नाच्या पंगतीत हात पुसायला टॉवेल दिला तरी किनार उलटी करून बघायचे आणि मान हलवायचे. ती खोड माझ्यात उतरली आहे. हॉटेलात गेले की मी पलंगाआधी न्हाणीघरातला टॉवेल चाचपते. तर त्या टकल्याचा टॉवेल अगदी विरळ, लूप निघालेले. चार वेळा मागं नेऊन पाहिला मी तो व्हिडिओ. त्या दिवशी स्विंगकडं लक्षच गेलं नाही.

आपला घट्ट विणीचा टॉवेल या कामाला उत्तम. पण कोरा घेऊ नये, खळ असते, निसटतो. धुऊन धुऊन जरा मऊ पडलेला, ज्याला घरात कुणी आता अंग पुसायला मागत नाही, तो बगलेत मस्त बसतो.

काठी मागं नेताना मात्र मला कुणीही काही शिकवायला नको होतं, हे हातात घेतल्यावर कळलं. आम्ही लहान असताना गिरणीच्या मागच्या बाजूला राहायचो. भोंग्यावर घड्याळ लावायची घरं. दुपारपाळी आत गेली की गल्ली मोकळी व्हायची आणि पोरं गल खणायची. विट्टी-दांडू. दांडू बाभळीचा, सुताराकडून तासून आणलेला, पकडायच्या जागी घामानं काळा झालेला. दोघं भाऊ आणि त्यांचे दोस्त. मला खेळात घ्यायचे, पण विट्टी आणायला. कोललेली विट्टी गटारात गेली, पत्र्यावर गेली, न्हाव्याच्या दुकानात गेली, की "जा गं!" मी पळायचे. विट्टी फ्रॉकला पुसून आणून द्यायचे आणि पुन्हा भिंतीला टेकून उभी. तिथं उभी राहून मी काय बघत होते? थोरला दादा विट्टीच्या टोकावर टिचकी मारायचा, ती उडायची, आणि त्याचा खांदा आधी वळायचा, मग कोपर, मग मनगट. मनगट सगळ्यात शेवटी. धाकटा भाऊ मनगटानंच सुरुवात करायचा आणि त्याचा टोला कधी न्हाव्याच्या पुढं गेला नाही. पोरं पाणी प्यायला आत गेली की मी दांडू उचलायचे. विट्टी नसायची, ती दादा खिशात घालून न्यायचा. नुसताच दांडू फिरवायचे. खांदा, कोपर, मनगट, आणि कानाजवळून जाणारा सूं आवाज.

टकल्यानं हेच सांगितलं परवा. काठी उलटी धरा, तोंडाकडून. फिरवा. सूं आवाज कुठं येतो ते ऐका. मागं, खांद्यापाशी आला तर जोर आधीच सांडला. खाली, चेंडूच्या जागेच्या थोडा पुढं यायला हवा.

आणखी एक. मोठ्या खेळाडूंचं म्हणे काठी मागं न्यायला जितका वेळ लागतो त्याच्या साधारण एक तृतीयांशात ती खाली येते. तीनास एक. लोक त्यासाठी फोनमध्ये टिकटिक लावतात. विट्टी-दांडूत पोरं दांडूनं अंतर मोजताना एक-दोन-तीन-चारच्या जागी म्हणायची तेच मी म्हणते: वकट, लेंड, मूंड, इथपर्यंत मागं. नाल म्हटलं की फटका. आमच्या मागच्या गल्लीत अजून दोन-चार माग चालतात, त्यांच्या खडखडाटावर ठेका धरायचा प्रयत्नही करून पाहिला. मागाला फारच घाई.

पण विट्टीत आणि यात एक फरक आहे, आणि तो मला भारी पडतो. विट्टी उडाली की विचार करायला वेळच नसतो, डोळे आणि हात आपापसात काय ते ठरवतात. क्रिकेटचा चेंडूही येतोच अंगावर. हा गोल्फचा पांढरा चेंडू मात्र हलत नाही. जेमतेम शेहेचाळीस ग्रॅमचा जीव, पायपुसण्यावर बसून राहतो आणि तुमच्याकडं बघतो. जितका वेळ बघेल तितक्या सूचना डोक्यात येतात. पकड सैल, गुडघे वाकलेले, पोट आत. तेवढ्यात टॉवेल पडतो. चेंडू काढून ठेवला की तीच काठी, तेच हात, सगळं लोण्यातून फिरतं.

ज्यांना कुणी शिकवलं नाही अशांची यादी मी उगाच जमवत बसले मध्यंतरी. पोर्तो रिकोचा ची ची रॉड्रिग्ज पेरूच्या फांदीची काठी करून ठोकून गोल केलेल्या पत्र्याच्या डब्याला मारायचा. स्पेनचा सेव्ह बॅलेस्टेरॉस भावानं दिलेली एकच तीन नंबरची काठी घेऊन समुद्राच्या वाळूत खेळला. पुढं पाच मोठ्या स्पर्धा जिंकला. आपल्याकडं अली शेर, दिल्लीच्या क्लबात बॅगा उचलणारा पोरगा, १९९१ ला इंडियन ओपन घेऊन गेला. एस. एस. पी. चौरसियाचे वडील कोलकात्याच्या रॉयल क्लबात गवत राखायचे. तो क्लब १८२९ चा, ब्रिटनच्या बाहेरचा सगळ्यात जुना. पोरगा तिथंच बघून बघून शिकला आणि २०१६, २०१७ असा लागोपाठ दोनदा इंडियन ओपनचा मानकरी झाला. चेंबूरला तर क्लबाच्या बॅगा उचलणारी पोरं वस्तीतल्या बोळात वाकवलेली सळई आणि प्लास्टिकचा चेंडू घेऊन खेळतात.

ही यादी वाचून मला सुरुवातीला फार हुरूप आला होता. फुकटात होतं की! मग लक्षात आलं, यांनी शिकवणी वाचवली नव्हती. यांना त्या गवतावर खेळायला कुणी उभंच केलं नसतं. बॅग उचला, चेंडू शोधून द्या, बाजूला उभे राहा. मी महिन्याचा किराणा वाचवतेय. दोन्हीला फुकट म्हणणं काही मला बरं वाटेना, म्हणून ती यादी तिथंच थांबवली.

तर गच्ची. तारेवर दोन जुन्या चादरी एकावर एक, खाली सैल सोडलेल्या. ताणून बांधल्या तर चेंडू उसळून नाकावर येईल, सैल असल्या की गपकन गिळतात. मागं टाकीची भिंत. पायाखाली जुनी सतरंजी आणि चेंडूखाली काथ्याचं पायपुसणं. काथ्या थोडा गवतासारखा धरतो. चेंडूच्या बुडाशी पायपुसण्यावर रांगोळीची एक आडवी रेघ. काठी फिरवून झाली की चेंडू कुठं गेला ते बघायचं नाही, रांगोळी कुठं विस्कटली ते बघायचं. रेघेच्या अलीकडं विस्कटली तर तुम्ही चेंडू चमच्यानं उचलायला गेलात. पलीकडं विस्कटली तर बरोबर. चेंडू वर उडवायचं काम काठीच्या तिरक्या तोंडाचं आहे, आपलं नाही, आपण खालीच मारायचं. हे मान्य करायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. अजूनही हात आपोआप उचलायला जातात.

आणि काठीच्या तोंडाला टाल्कम पावडर. बोटानं पातळ लावायची. फटक्यानंतर त्या पावडरीत चेंडूचा गोल उमटतो, चेंडूवरच्या खड्ड्यांच्या नक्षीसकट. मधोमध उमटला तर हाताला काही लागतच नाही, आवाज तेवढा येतो. माझा गोल दांडीच्या बाजूला उमटतो, अगदी दांडीला खेटून. रोज तिथंच. मनगटापासून कोपरापर्यंत झिणझिण्या. चेंडूपासून वीतभर लांब उभी राहिले तर गोल थोडा आत सरकतो, पण मग तोल पायाच्या बोटांवर जातो. सध्या या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी आहे.

चादरीमुळं एक मात्र सोय झाली आहे. चेंडू उजवीकडं वळून गटारात जाणार होता की सरळ दोनशे पावलं, कुणालाच कळत नाही. चादरीवरच्या मोराला लागला की मी समाधानी. भाचा म्हणतो, मावशी, एकदा इकडं ये, मोकळ्यावर मारून बघ, खरं काय ते कळेल. बघू म्हणते.

शेजारच्या गच्चीवरच्या अक्का रोज कपडे काढायला येतात आणि कठड्याला टेकून बघतात. "काय करायलाव ओ?" हे पहिल्या आठवड्यातच विचारून झालं. आता त्यांना खेळात रस आलाय. परवा विचारलं, "ह्यात आऊट कवा होत्यात?" होत नाही म्हटलं. "मग खेळ संपतंय कसं?" अठरा भोकं झाली की. त्यांनी माझ्या पायपुसण्याकडं पाहिलं, चादरीकडं पाहिलं, आणि बादली उचलून गेल्या.

आता फेब्रुवारी संपत आलाय. गच्चीवर पापड येतील, मग सांडगे, मग कुरडया. मृग लागेपर्यंत तिथं माणसाला पाय ठेवायला जागा नाही, चेंडूची तर बातच सोडा. चादरी धुऊन कपाटात गेल्या. काठी जिन्याखाली उभी केली. काल रात्री तिथं कुत्रं शिरलं आणि आमच्या ह्यांनी अंधारात हाताला लागली ती काठी उचलली. मी वरून बघत होते. खांदा आधी वळला, मग कोपर, मनगट सगळ्यात शेवटी. आवाज नेमका खाली, पुढं. कुत्रं तोवर कोपऱ्यावर पोचलं होतं.

"काय बघतेस?" ते म्हणाले. म्हटलं, काही नाही, चला वर.