जड स्क्वॉटनंतरची लांब उडी : सहा आठवड्यांच्या नोंदी

मंडळी, वही आज पूर्ण झाली. उडी लांब जावी म्हणून आधी जड स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बसून उठणं) मारतात; पण इतकी वर्षं मी त्या जड सेटनंतर फार लवकर उडी मारत होतो, हे आता आकड्यांतच दिसतंय.

माझं वजन ७६ किलो, स्क्वॉटचा मॅक्स (एका वेळी जास्तीत जास्त उचलता येणारं वजन) १३०. दर वेळी ११२.५ किलोचे ३ रेप्स (सलग तीन वेळा), मग विश्रांती आणि मग जागेवरून लांब उडी. फरशीवर खडूची रेघ, शेजारी टेप, माप मागच्या टाचेपर्यंत. तीन उड्यांतली सर्वांत लांब धरली. एका दिवशी एकच विश्रांती तपासली, कारण उड्यांनीही पाय तयार होतात.

नुसत्या नेहमीच्या वॉर्मअपवर २.१८ मीटर. स्क्वॉटनंतर दोन मिनिटांनी २.११! मांड्या भरून आलेल्या, उतरताना टाच मागे घसरली. चार मिनिटांनी २.१७, आठ मिनिटांनी २.२६, बारा मिनिटांनी २.२३.

जड रेप्सनी थकवा येतो आणि स्नायू चेततोही. थकवा आधी उतरला की मधल्या वेळात फायदा हाती लागतो. याचं कारण म्हणून मायोसिनवर (स्नायू आकसवणारं प्रथिन) बसणारं फॉस्फेट सांगितलं जातं. त्यामुळे तंतू कॅल्शियमला जास्त प्रतिसाद देतात, वेगवान तंतू विशेष. पण तो परिणाम काही मिनिटांतच ओसरतो, मग आठव्या मिनिटाला काय उरतं? ब्लेझविच आणि बाबो या संशोधकांनी २०१९ च्या आढाव्यात स्नायूचं तापमान आणि तंतूंमधलं पाणी यांकडे बोट दाखवलं आहे.

ते वाचून मी एक जास्तीचा दिवस घेतला. जानेवारीत नागपुरात पहाटे हॉलची फरशी बर्फासारखी लागते. त्या दिवशी बार उचललाच नाही, दोरीवर घाम येईपर्यंत उड्या मारल्या आणि मग मोजलं. २.२२ मीटर! म्हणजे आठ सेंटिमीटरच्या वाढीतली निम्मी नुसत्या उबेने मिळाली. एका दिवसाचं माप आहे, पण मला ते फार मोलाचं वाटतं.

पोलीस भरतीची तयारी करणारा एक पोरगा सोबत असतो, स्क्वॉट ८० किलो. आठव्या मिनिटाला म्हणाला, "दादा, पाय जडच हायेत अजून." त्याची उडी बाराव्या मिनिटाला वाढली, तीही तीनच सेंटिमीटर. ताकद कमी असेल तर थांबावं जास्त लागतं आणि फायदाही कमी मिळतो, असं अभ्यासांतही दिसतं. त्याला मी सध्या फक्त स्क्वॉट वाढवायला सांगितलंय.

मे महिन्यात इथे पहाटेच अंग तापलेलं असतं. तेव्हा हेच वजन, हीच आठ मिनिटं पुन्हा मोजणार.