रेपोच्या कॉप्या शंभर, पण किल्ल्या कुणाकडं?

गिटवर, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, कोड टाकला म्हणजे सगळं सेफ, असं आमच्याकडं सांगलीत बऱ्याच पोरांना वाटतं, आणि कोडपुरतं ते खरंय पण. रेपो म्हणजे प्रोजेक्टचा कोड आणि त्याच्या बदलांची हिस्ट्री, ती आपल्या मशीनवर क्लोन, म्हणजे कॉपी, केली की सगळी हिस्ट्री येते, त्यामुळं उद्या गिटहब ही रेपो ठेवायची साइट बंद पडली तरी कुणाच्यातरी लॅपटॉपवरनं प्रोजेक्ट परत उभा राहतो. २०११ ला लिनक्सचा कोड जिथनं मिळतो त्या कर्नल डॉट ऑर्गच्या सर्व्हरमध्ये कुणीतरी घुसलं होतं, तरी लिनक्सच्या सोर्समध्ये गुपचूप बदल करणं अवघड होतं, कारण प्रत्येक कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या बदलाचा, हॅश (कोड जरा बदलला तरी बदलणारा ठसा) जगभर लोकांच्या मशीनवर पडलेला.

पण इश्यू (लोकांनी नोंदवलेल्या अडचणी), त्यावरची चर्चा, डोमेन, रिलीज आपलंच आहे असं साइन करायची डिजिटल किल्ली, पॅकेज पब्लिश करायचं अकाउंट, यातलं काहीच क्लोनमध्ये येत नाही. खरा धोका तिथं आहे. २०२४ मध्ये जुन्या ब्राउझरसाठी स्क्रिप्ट पुरवणारं पॉलिफिल डॉट आयओ हे डोमेन दुसऱ्या कंपनीकडं गेलं आणि काही महिन्यांत तिथनं येणाऱ्या स्क्रिप्टमध्ये मालवेअर निघाला, ज्या साइट थेट तिथनं स्क्रिप्ट लोड करत होत्या त्यांनी आपल्या कोडमध्ये एक अक्षर बदललं नव्हतं.

२०१९ च्या पुरात गावभागातल्या एका ओळखीच्या ऑफिसचा सर्व्हर आणि बॅकअपची हार्ड डिस्क दोन्ही एकाच टेबलाखाली होती, पाणी शिरलं आणि दोन्ही एकदमच गेली. बॅकअप रोज व्हायचा हो, नेमानं व्हायचा. कॉप्या किती आहेत यापेक्षा त्या एकाच कारणानं एकदम जातील का, हे बघावं लागतं, म्हणून गिटहबच्या रेपोचा बॅकअप त्याच गिटहब अकाउंटवर ठेवण्यात अर्थ नाही, मिरर, म्हणजे जोडीची कॉपी, कोडबर्ग या गिटहबसारख्याच दुसऱ्या साइटवर नाहीतर दुसऱ्या गावातल्या मशीनवर पाहिजे, आणि इश्यू पण एपीआयनं (प्रोग्रामनं डेटा काढायच्या सोयीनं) काढून सोबत ठेवायचे.

आणि माणसाचं काय? एक्सझेड युटिल्स हे लिनक्समध्ये फाइल लहान करायला वापरतात ते सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं लासे कॉलिन जवळजवळ एकटेच सांभाळत होते, फावल्या वेळात. नवा मेंटेनर (सांभाळणारा) घ्या म्हणून लोक मागं लागले, जिया टान नावानं कुणीतरी मदत करत करत विश्वास मिळवला आणि ५.६.० या आवृत्तीत बॅकडोर, म्हणजे चोरवाट, घातली. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरना एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, त्यांनी खोदून काढलं आणि २९ मार्च २०२४ ला जगाला सांगितलं. यावरनं काही जण म्हणतात की अनोळखी माणसाला कोड बदलायचे राइट्स द्यायचेच नाहीत. मला ते पटत नाही. एकट्यावर सगळा भार टाकला की तो थकणार आणि थकलेला माणूस मदतीला आलेल्याला पारखणार तरी कधी, त्यामुळं दुसरा माणूस आधीपासनं, निवांतपणी तयार करायला पाहिजे, रिलीज दोघांनी बघितल्याशिवाय बाहेर जाऊ नये.

सांगलीच्या वालचंद कॉलेजमध्ये लिनक्सचा ग्रुप आहे, दरवर्षी नवी पोरं येतात. वापरतो त्या छोट्या लायब्ररीचे, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडचे, बग तपासून द्यायला लागा रे, गिटहबवर नुसता स्टार देऊन काय होत नाही. आणि ज्यांचा स्वतःचा प्रोजेक्ट आहे त्यांनी पब्लिश अकाउंटचा ओटीपी कुणाच्या फोनवर येतो आणि डोमेनचे पैसे कुणाच्या कार्डावरनं जातात, एवढं याच आठवड्यात बघून घ्या, दोन्हीकडं एकच नाव निघालं तर दुसरं नाव लगेच घाला.