बारदान संध्याकाळी चढवा, सकाळी उतरवा

कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा सहाच्या खाली गेला की आमचा निफाड तालुका टीव्हीवर येतो. द्राक्षबागांत पेटवलेल्या शेकोट्या, पानांवर गोठलेलं दंव, मफलर गुंडाळून बागेत फिरणारे शेतकरी. बागेची काळजी करायलाच हवी, वर्षाचा सगळा पैसा त्या घडांत अडकलेला असतो. पण याच गावांत घरामागे दहा-पंधरा कोंबड्याही असतात, आणि त्यांच्या हिवाळ्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. मला त्यांच्याबद्दल लिहायचं आहे.

माझ्याकडे बहुतेक गावठी आहेत, थोड्या गिरिराज या सुधारित जातीच्या आणि दोन उघड्या मानेच्या. नेटवर शोधायला गेलं की थंड देशांतले सल्ले भरपूर सापडतात: पाण्याच्या भांड्याखाली हीटर, खुराड्यासमोरचा बर्फ काढणं, तुरा गोठू नये म्हणून त्याला व्हॅसलीन. त्यांच्याकडे ते गरजेचंच आहे. आमच्याकडे मात्र जानेवारीत पहाटे ६ अंश असतात आणि त्याच दिवशी दुपारी २८. एका दिवसात वीस-बावीस अंशांचा चढउतार! इथल्या कोंबडीचा हिवाळा फक्त रात्रीचा असतो, अंधार पडल्यापासून ऊन चांगलं वर येईपर्यंत. त्यामुळे थंडीसाठी जे काही बांधाल ते सकाळी सोडता आलं पाहिजे. कायमचं ठोकून टाकलेलं काहीही इथे उपयोगाचं नाही.

कोंबडीचं अंग मुळातच गरम, ४१ ते ४२ अंश. थंडी वाजली की ती पिसं फुगवते, पिसांच्या थरांत हवा अडकते आणि ती अडकलेली हवा म्हणजे तिची गोधडी. धडधाकट, पूर्ण पिसांची मोठी कोंबडी सहा अंशांत मरत नाही. तिचे हाल होतात ते ही गोधडी ओली झाल्यावर किंवा वाऱ्याच्या झोताने पिसं उलटी झाल्यावर. मग खाल्लेला प्रत्येक दाणा अंग तापवण्यातच जळतो, अंडं बंद होतं आणि आठवड्याभरात घरघर सुरू होते. उघड्या मानेच्या कोंबड्यांच्या अंगावर इतरांपेक्षा २० ते ४० टक्के पिसं कमी असतात. उन्हाळ्यात त्या सगळ्यात सुखी असतात. हिवाळ्यात मात्र मी त्यांना दांडीवर मधोमध बसवते, दोन्ही बाजूंना गिरिराज.

ओल बाहेरून येते असं सगळ्यांना वाटतं. खरं तर ती कोंबड्यांकडूनच येते. एक कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते आणि त्यातलं बरंचसं श्वासातून आणि विष्ठेतून खुराड्यातच परत येतं. ते वाफ होऊन वर जातं. वरून निघायला वाट नसेल तर पत्र्याला लागून थेंब होतात आणि पहाटे कोंबड्यांच्या पाठीवर टपकतात.

मागच्या डिसेंबरात आमच्या गल्लीतल्या एका मुलाने हौसेने तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, आणल्या. थंडी वाढल्यावर त्याने अख्ख्या खुराड्याला द्राक्षबागेतलं उरलेलं प्लास्टिक गुंडाळलं, खालपासून वरपर्यंत, एक फट ठेवली नाही. चार दिवसांनी सकाळीच दारात उभा. "काकू, इतकं बंद करूनही शिंकतायत, अजून काय लावू?" मी गेले आणि त्याला म्हटलं, "बाळा, आधी खाली बस. त्यांच्या डोक्याच्या उंचीला नाक ने." बसला तसा डोळे चोळत बाहेर आला. उभ्या माणसाला जो वास जेमतेम जाणवतो, त्यात त्या रात्रभर बसलेल्या होत्या. ओल्या विष्ठेतून निघणारा अमोनिया डोळे आणि श्वासनळी जाळतो, आणि अशा जळलेल्या श्वासनळीत सर्दीचे जंतू सहज शिरतात. आम्ही प्लास्टिक काढलं, खालचा भुसा बदलला, वरची हातभर जागा मोकळी केली. औषध न देताच बहुतेक जणी आठ-दहा दिवसांत सुधारल्या. प्रेमाने गुदमरवलेल्या कोंबड्या मी याआधीही पाहिल्या आहेत, म्हणून हे इतकं सविस्तर सांगते.

मी तागाचं बारदान वापरते. खाद्याच्या गोण्या आता प्लास्टिकच्या येतात, तागाची पोती धान्याच्या दुकानात मागून घ्यावी लागतात. दोन पोती उसवून एकमेकांना शिवायची. ताग वारा अडवतो आणि थोडी वाफही बाहेर जाऊ देतो. लावण्याची पद्धत महत्त्वाची. बहुतेक जण पडदा वरून खाली सोडतात, त्यामुळे वरची हवा बंद होते आणि खालची फट मोकळी राहते, म्हणजे नेमकं उलटं. पोल्ट्रीवाल्यांचे पडदे बघा, खालची कड पक्की बांधलेली असते आणि वरची कड दोरीने ओढून चढवतात. वर हातभर जागा उघडी राहते, गरम दमट हवा तिथून निघून जाते आणि बसलेल्या कोंबडीच्या अंगावर झोत येत नाही. माझ्या खुराड्याची उत्तरेची बाजू पक्क्या विटांची आहे, कारण इकडे थंड वारा तिकडूनच येतो. दक्षिण आणि पूर्व जाळीची. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दहानंतर ऊन थेट आत जमिनीवर पडतं. दिवे लागायच्या वेळी पडदा चढवायचा, सकाळी उन्हाची तिरीप आली की उतरवायचा. हे एक काम रोज न चुकता केलं तर निम्मा हिवाळा निभावला म्हणून समजा.

खाली गादी हवी. उन्हाळ्यात दोन-तीन इंच पुरते, दिवाळीनंतर मी ती पाच-सहा इंच करते. लाकडाचा भुसा, भाताचं तूस, शेंगांची टरफलं, जे स्वस्तात मिळेल ते, फक्त कोरडं आणि बिनबुरशीचं. बुरशी लागलेला भुसा थेट फुप्फुसात जातो, पिल्लांच्या तर फारच लवकर. एक दिवसाआड दाताळ्याने खालवर करायचं. जाड गादी आतून हळूहळू कुजत राहते आणि थोडी ऊब देते, हात खुपसला की कळतं. मूठभर भुसा घेऊन आवळायचा: मूठ उघडल्यावर तो मोकळा झाला तर ठीक, लाडू तसाच राहिला तर ओल जास्त आहे. मग विझलेल्या चुन्याची भुकटी थोडी मिसळायची आणि पाण्याच्या भांड्याची जागा बदलायची, कारण ओल बहुतेक वेळा भांड्याभोवतीच धरते.

दांडीकडे फार थोडे लोक लक्ष देतात. लोखंडी पाइप सोपा पडतो, पण लोखंड पायातली ऊब ओढून घेतं. कोंबडीच्या पायांवर पिसं नसतात, ती खाली बसून पोटाच्या पिसांनी बोटं झाकते. बारीक गोल काठीवर बोटं खालून वळलेली राहतात, झाकली जात नाहीत. दोन इंच रुंद, कडा घासून गोल केलेली लाकडी पट्टी असली की ती बोटं सपाट ठेवून वर नीट बसते. सगळ्या दांड्या एकाच उंचीवर ठेवल्या की वरच्या जागेसाठी भांडणंही होत नाहीत आणि त्या एकमेकींना चिकटून बसतात. खुराड्यातली खरी शेगडी म्हणजे ही शेजारची कोंबडी. चार कोंबड्यांसाठी भलंमोठं खुराडं बांधलं तर ते थंडच राहणार.

थंडीत भूक वाढते, ती भागवायची. सकाळी नेहमीचं खाद्य. संध्याकाळी दांडीवर चढण्याआधी मूठ-मूठ मका भरडा किंवा बाजरी टाकते. गळ्याखालची पिशवी भरलेली असली की रात्रभर पचन चालतं आणि त्यातून ऊब मिळते. मात्र नुसत्या मक्यावर ठेवू नका. हिवाळ्याच्या तोंडावर कोंबड्या पिसं झाडतात आणि नवं पीस जवळजवळ पूर्ण प्रथिनांचंच असतं. त्या दिवसांत शेंगदाण्याची किंवा सोयाबीनची पेंड हवी. अर्धवट पिसांची कोंबडी डिसेंबरात दिसली की मला तिची सगळ्यात जास्त काळजी वाटते, तिची गोधडी अजून विणून व्हायची असते.

पाणी सकाळी बोअरचं ताजं भरते. भूगर्भातलं पाणी वर्षभर जवळपास एकाच तापमानाला असतं, त्यामुळे थंडीत ते कोमट लागतं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पहाटे हातालाही लागवत नाही. पाणी फार गार असलं की कोंबडी कमी पिते, पाणी कमी प्यायली की कमी खाते आणि अंडंही घटतं.

अंड्यांबद्दल मला दरवर्षी विचारलं जातं. थंडीने अंडी बंद झाली असं म्हणतात, पण मोठा वाटा दिवसाच्या लांबीचा असतो. भरपूर अंड्यांसाठी १४ ते १६ तास उजेड लागतो, आणि डिसेंबरअखेर आमच्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा. बल्ब लावून तो वाढवता येतो. लावायचाच असेल तर पहाटे लावा. रात्री अचानक दिवा गेला तर कोंबड्या खालीच राहतात, त्यांना अंधारात दांडी सापडत नाही. मी लावत नाही. पिसं नवी येण्याच्या दिवसांत तिला विश्रांती मिळावी असं मला मनापासून वाटतं, आणि संक्रांतीनंतर दिवस वाढू लागला की अंडी हळूहळू सुरू होतातच.

आता पिल्लं. इथे मात्र थंडी खरोखर जीव घेते. पिल्लाला पिसं नसतात, नुसती लव असते. पहिल्या आठवड्यात त्याला ३५ अंश लागतात, पुढे दर आठवड्याला साधारण तीन-तीन अंश कमी करत जायचं. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसणारी कोंबडी असेल तर हे सगळं गणित ती करते. आमच्या सासूबाई अंडी उबवायला ठेवताना सांगायच्या, "पौषात नऊच ठेव गं, तिच्या पोटाखाली मावतील तेवढीच." बरोबरच आहे, थंडीत कडेचं अंडं गार पडतं, आणि कोंबडी अंडी सारखी फिरवत असल्याने रोज वेगळं अंडं कडेला जातं, म्हणजे नुकसान एकाच अंड्याचं होत नाही. जुन्या घरांत खुराडं ओट्याच्या पोटातच असायचं, कुठे कुठे भिंतीच्या पलीकडे चूल. आता ओटेही गेले आणि चुलीही गेल्या.

विकतची पिल्लं असतील तर पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा गोल कडा करा. चौकोनी खोक्याच्या कोपऱ्यात पिल्लं एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. बल्ब किती खाली हवा हे पिल्लंच सांगतात. बल्बखाली गोळा होऊन चिवचिव करत असतील तर थंडी आहे, कडेला जाऊन चोच उघडून बसली तर उष्णता जास्त, सगळीकडे विखरून निवांत असतील तर ठीक. आमच्याकडे रात्री वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून तयार ठेवते. निखाऱ्याची शेगडी बंद जागेत कधीही ठेवू नका, तिच्या धुरातला विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. बल्ब बारदानाला टेकू देऊ नका, रात्रीतून आग लागते. आल्या दिवशी पिल्लांना कोमट गुळाचं पाणी द्या, प्रवासाने ती थकलेली असतात. हळद-लसूण द्यायचा तर द्या, पण मानमोडी (राणीखेत रोग) त्याने टळत नाही. त्यासाठी पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंबच लागतो. एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त डोस असतात, म्हणून आम्ही गल्लीतल्या बायका पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून एकाच दिवशी सगळ्यांच्या पिल्लांना देऊन टाकतो.

थंडीतच ऊसतोड सुरू होते आणि बिबट्या वस्तीकडे सरकतो. बारदान हे त्याच्यासाठी दार नव्हे, मुंगसासाठीही नव्हे. आत मजबूत जाळी आणि कडी हवीच. बारदानाच्या आड जाळी कुठे उसवली आहे का, ते दर आठवड्याला हाताने चाचपून बघावं.

आणखी एक, खास आमच्या भागासाठी. नांदूर मध्यमेश्वरचं धरण आणि पक्षी अभयारण्य आमच्याच तालुक्यात, २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेलं. हिवाळ्यात तिथे हजारो स्थलांतरित पक्षी उतरतात आणि मला त्याचा अभिमान आहे. पण बर्ड फ्लू रानटी बदकांसारख्या पाणपक्ष्यांकडून येऊ शकतो, आणि २००६ साली नवापुरात काय झालं ते खानदेशातल्या कोंबडीवाल्यांना विचारा. तेव्हा देशात पहिल्यांदाच तो सापडला आणि लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. धरणाकाठी किंवा कालव्याला कोंबड्या सोडू नका, तिथलं पाणी त्यांना पाजू नका. एकाएकी बऱ्याच मेल्या तर हात न लावता दवाखान्यात कळवा.

दुपारी त्यांना ऊन खाऊ द्या. घमेल्यात लाकडाची गार राख आणि माती मिसळून ठेवली की त्या तासन् तास लोळतात. रात्रभर चिकटून बसल्याने उवा एकीच्या दुसरीला लागतात, राखेने त्या कमी राहतात.

पडदे मी फेब्रुवारीच्या शेवटी काढून टाकते. जुनी गादी लिंबाखाली एकदम टाकत नाही, ताजी असताना मुळं जाळते, म्हणून खड्ड्यात काही महिने मुरवते. बारदानं धुऊन, कडक उन्हात वाळवून घडी करून ठेवते. एप्रिलात तीच भिजवून खुराड्याच्या पश्चिमेला बांधायची असतात, कारण ६ अंशांत कोंबडीचे जेवढे हाल होतात, त्याहून कितीतरी जास्त ४० अंशांत होतात.