डब्याच्या तळाचा आकडा

ठाण्यात जांभळी नाक्यावर प्लास्टिकचा डबा घेताना लोक झाकण दाबून बघतात, मग भावाला बसतात. मी आधी डबा उलटा करतो. तळाच्या त्रिकोणात ५ दिसला की निर्धास्त. दुकानदार वैतागतो. "साहेब, व्हर्जिन माल आहे, जुनं वितळवून केलेला नाही, घ्या डोळे मिटून!"

हा आकडा प्लास्टिकची जात सांगतो; ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. उकळती आमटी ओता, हू का चू करत नाही. १ आकड्याची, म्हणजे पीईटी प्लास्टिकची कोल्ड्रिंकची बाटली मात्र नाजूक प्रकृतीची. शेजारच्या काकूंनी तिच्यात कढत पाणी ओतलं आणि ती बघता बघता आक्रसली, कमरेत खचली. मानेचे आटे मात्र शाबूत; झाकणही नीट लागलं.

बाटली वितळली म्हणावं, तर पीईटी वितळायला अडीचशे अंश लागतात. खरं कारण तिच्या जन्मात आहे. आधी जाड, आखूड नळी बनते. ती तापवून, लांबवून, हवेने फुगवली की बाटली. त्या ओढाताणीत रेणूंच्या साखळ्याही ताणल्या जातात आणि तशाच गारठून अडकतात. तापमान ७०-८० अंशांवर गेलं, की त्यांना हलायला मोकळीक मिळते आणि त्या लगेच अंग आखडून घेतात. मानेला कुणी ताणलंच नव्हतं, ती कशाला आखडेल?

दुधाची पिशवी आणि बादली, दोन्ही पॉलिथिलीनच. पण पिशवीतल्या साखळ्यांना फांद्या असतात. बाभळीच्या फांद्यांची मोळी बांबूंसारखी घट्ट कुठे बसते? त्यामुळे पिशवी साधारण ११० अंशांना वितळते, बादली १३०च्या आसपास.

पॉलिप्रॉपिलीनची तऱ्हा मला सगळ्यात आवडते. साखळीत एकाआड एक कार्बनला एकेक मिथिल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) चिकटलेला. हे गट वाटेल तसे इकडेतिकडे असतील, तर हाती येतो मऊ, चिकट गोळा. सगळे एकाच बाजूला लागले, की साखळ्या शिस्तीत रचल्या जातात आणि वितळायला १६० अंश लागतात. ही शिस्त १९५४ मध्ये इटलीच्या जुलिओ नाट्टांनी लावून दाखवली. १९६३चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना कार्ल झीग्लर यांच्यासोबत मिळालं.

कुकरचं काळं बेकेलाइटचं हँडल या पंक्तीत बसतच नाही. त्यातल्या साखळ्या एकमेकींना पक्क्या सांधलेल्या. जास्त तापलं तर ते करपेल, घरभर वास सुटेल, पण वितळणार नाही. वितळवून त्याचं दुसरं काही करावं म्हटलं, तर तेही होत नाही.