कोजागरीला दिवेआगर

यंदा कोजागरीचं दूध गच्चीवर नाही, ताम्हिणी घाटात. रात्री नऊला पुण्याच्या चांदणी चौकातून सायकलने निघायचं. पौड, मुळशी, माणगाव, म्हसळा करत उजाडता दिवेआगर. साधारण १६० किलोमीटर, आम्ही नऊ जण. दुधाचा थर्मास माझ्याकडे, म्हणजे चढावर ओझंही माझंच.

धास्ती चढाची नाहीच, उताराची. मागच्या वेळी भावजींचे ब्रेक पॅड घाटातच संपले. नुसतं लोखंड किरकिरत होतं. म्हणून रविवारी सगळ्यांच्या सायकली आमच्या पार्किंगमध्ये उलट्या करून तपासणार.

पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमारास, म्हणजे सहा-सातला ओहोटी. ओली पुळण कडक असते, सायकल थेट पाण्याजवळ नेता येते. चेनला खारं पाणी लागू द्यायचं नाही, एवढंच.

आई विचारते, "एसटी बंद आहे का रे?"