आमची वाटचाल : गच्चीवरून माळावर

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मी इलेक्ट्रिशियन होतो, 2009 ला ते सोडलं आणि मेव्हण्याला बरोबर घेऊन सोलर वॉटर हीटर बसवायचं काम चालू केलं. दुकान नाही, बोर्ड नाही, एक जुनी एम-80 आणि पान्यांची पिशवी. शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी, किती गच्च्या चढलो त्याचा हिशोब नाही. मग पॅनेल आले, गच्चीवरची जादा वीज लाईनीत गेली की ती मोजणारं नेट मीटर आलं, हेस्कॉमच्या म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या फेऱ्या आल्या, शिकत गेलो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, बेळगावात आता गल्लोगल्ली एक सोलरवाला आहे आणि सगळ्यांची गोष्ट सारखीच.

लिहायचंय ते गच्चीवरून माळावर आलो त्याबद्दल, कारण तिथं आम्ही आधी सपाटून आपटलो.

एका बाहेरच्या कंपनीला खानापूर तालुक्यात सोलर प्लँटसाठी जमीन पाहिजे होती. 1 मेगावॅटला साधारण 4 ते 5 एकर लागते, त्यांना पंचवीसेक एकर एकाच जागी पाहिजे. गावाशी बोलणी आमच्याकडं, आणि जमलं तर पुढं फौंडेशनचं कामपण आम्हालाच. गावाला काय द्यायचं ते कंपनीनं आधीच ठरवून पाठवलेलं : शाळेला दप्तरं, देवळाला रंग आणि एक मोठा फ्लेक्स. आम्हीपण खुळ्यासारखं तेच घेऊन गेलो. सभेत सगळे गप्प. मग मागनं एक आज्जी उठली, म्हणाली, "दप्तरं राहूदेत ओ, तुम्ही कंपाउंड मारल्यावर माझ्या म्हशी कुठनं जायच्या ते सांगा की." त्या माळातनंच जनावरं तळ्यावर जायची, मसणवाटपण तिथनंच. उताऱ्यावर ती वाट नाही, नकाशावर नाही, पण गावात शेंबड्या पोरालापण माहीत. तेवढ्यात एकजण म्हणाला, कागद सगळे कन्नड आणि इंग्लिशमध्ये, आम्ही सही कशावर करायची? झालं, मीटिंग तिथंच मोडली. प्रोजेक्ट गेला, आमचे सर्व्हेचे पैसेपण गेले ते अजून आले नाहीत.

तेव्हा गावावर राग आला होता, खोटं कशाला बोलू. विकास नको यांना, असं मीच चहाच्या टपरीवर बोलत फिरलो.

मग पावगडला जाऊन आलो, तुमकूर जिल्ह्यात. 13,000 एकर, 2,050 मेगावॅट, नजर जाईल तिथपर्यंत नुसते पॅनेल. तिथं जमीन विकत घेतली नाही, शेतकऱ्यांकडनं भाड्यानं घेतली, सुरुवातीला एकरी वर्षाला 21,000 रुपये आणि दर दोन वर्षांनी 5 टक्के वाढ. दुष्काळी भाग, पिकात तेवढं सुटत नव्हतं, म्हणून जमीनवाले खूश. पण ज्यांच्या नावावर जमीनच नाही, जे दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जायचे, त्यांना भाडं कुठलं? आणि शेती बंद म्हणजे मजुरीपण गेली. आज्जीच्या म्हशींचा हिशोब मला तिथं कळला. आम्ही फक्त उतारा ज्याच्या नावावर त्याच्याशी बोललो होतो.

चंदगडला माझी मावशी आहे, तिच्याकडं गेलो की मावसभाऊ चिडवायचा. महाराष्ट्रात सौर कृषी वाहिनी योजनेत जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, त्यात दरवर्षी 3 टक्के वाढ, शिवाय ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख असे तीन वर्षं. "तुमच्याकडं काय मिळतंय रे?" मी म्हणलं दप्तर. हसला ना मग तो!

पुढं केंद्राच्या कुसुम योजनेतनं शेतीचे फीडर, म्हणजे पंपांना वीज देणाऱ्या लाईनी, सोलरवर टाकायची कामं निघाली तेव्हा एका छोट्या प्लँटचं काम आमच्याकडं आलं, आणि यावेळी मी मालकाला अट घातली की पहिले दोन महिने एकपण खड्डा मारायचा नाही. कागदांचं मराठी करून मारुतीच्या देवळात भजन संपल्यावर वाचलं, तीन आठवडे, ओळन् ओळ. बिल वाचेल हे सांगून इथं उपयोग नाही, 10 एचपीपर्यंतच्या पंपाला वीज फुकटच आहे. लोकांना पाहिजे होती दिवसाची लाईट. थ्री-फेज रात्री आली की अंधारात पाणी पाजायला जायचं आणि आमच्या भागात गवे आहेत, अस्वलं आहेत. हा मुद्दा आम्ही नाही काढला, गावानंच काढला.

जनावरांची वाट आधी आखली, 12 फूट सोडून मग कंपाउंड. गावातल्या आयटीआय झालेल्या चार पोरांना स्ट्रक्चर आणि वायरिंगच्या कामावर घेतलं, पण त्यांना स्पष्ट सांगितलं की काम काही महिन्यांचंच आहे, प्लँट चालू झाल्यावर दोन-तीन माणसांच्या वर लागत नाहीत, नोकरीचं गाजर दाखवायचं नाही. पॅनेल धुणं आणि गवत कापणं स्त्रीशक्ती संघाच्या म्हणजे बचत गटाच्या बायकांना वर्षाच्या करारावर, त्यातल्या बऱ्याचजणींच्या घरी गुंठाभरपण जमीन नाही. मेंढरं आत सोडायला दिली, शेळ्या नाही. शेळी पॅनेलवर चढते, केबल चावते, एका पावसाळ्यात शिकलो ते.

सगळं गोड झालं असं नाही. धुवायला उन्हाळ्यात पाणी कुठलं यावरनं भांडण झालं, शेवटी गावच्या बोअरला हात लावायचा नाही असं ठरलं आणि आता आम्ही टँकर विकत आणतो, मार्जिन त्यात जातंय. एक घर अजून आमच्याशी बोलत नाही, त्यांच्या बांधावरनं लाईन गेली.

आता शेजारच्या गावानं बोलवलंय. मेव्हणा कागदांचं मराठी टाईप करूलाय आणि दर दहा मिनिटांनी विचारूलाय, ओ दाजी, 'इंडेम्निटी' ला मारुतीच्या देवळात काय म्हणायचं?