पावसाच्या वह्या आणि फुकटचं होस्टिंग

‘फ्री होस्टिंग’, म्हणजे वेबसाईट ठेवायला फुकट जागा, म्हणून शोधलं की ‘दहा सर्वोत्तम’वाल्या याद्यांचा ढीग पुढ्यात येतो. त्यातले निम्मे फुकट नसतातच, पहिल्या वर्षापुरते स्वस्त असतात. मी याद्या बाजूला ठेवल्या आणि आधी आपल्याला ठेवायचंय काय ते बघितलं.

ठेवायच्या होत्या बाबांच्या पावसाच्या वह्या. आजऱ्याला घरामागच्या परड्यात पर्जन्यमापक आहे. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खात्याच्याच वेळेला, बाबा पाणी मापात ओततात आणि मिलिमीटर लिहितात. शेजारी शेरा: ‘हिरण्यकेशी पात्राबाहेर’, ‘तरवा टाकला’, ‘वारा फार, लाईट नाही’. माझ्या मते आकड्यांपेक्षा शेरे भारी आहेत, पण हे बाबांना सांगायची सोय नाही.

म्हणजे तक्ते, थोडा मजकूर आणि पानांचे फोटो. लॉगिन नको, डेटाबेस नको. साधी एचटीएमएलची पानं. हे एकदा ठरलं की निम्मा प्रश्न सुटतो, कारण मागणाऱ्याला तयार फाईल काढून द्यायला कंपनीला फारसा खर्च नसतो; खर्च असतो तो तुमचा प्रोग्राम चोवीस तास चालवायचा. हेरोकू या कंपनीने 2022 च्या नोव्हेंबरात फुकटची सोय बंद केली, ती असे प्रोग्राम चालवायची होती. नुसती तयार पानं दाखवणारं गिटहब पेजेस मात्र 2008 पासून चालू आहे.

वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकट खात्यावर त्यांच्या जाहिराती येतात. बाबांच्या जुलैच्या तक्त्याखाली कर्जाची जाहिरात मला चालणार नव्हती. निओसिटीज मनापासून आवडलं: 1 जीबी जागा, जाहिराती नाहीत, लोकांना फुकट वेबपानं देणाऱ्या जुन्या जिओसिटीजची हौस अजून जिवंत. पण जिओसिटीजचंच काय झालं ते विसरून कसं चालेल? याहूने 1999 मध्ये विकत घेतलं आणि 2009 च्या ऑक्टोबरात कुलूप लावलं. लोकांची घरंच्या घरं गेली. म्हणून माझी कसोटी एकच: उद्या हे बंद पडलं, तर संध्याकाळपर्यंत दुसरीकडे बिऱ्हाड हलवता येईल का? सगळं लॅपटॉपवरच्या एका फोल्डरमध्ये असेल तर येईल.

शेवटी गिटहब पेजेस घेतलं. त्याच्या अटी: साईट 1 जीबीच्या आत, बघणाऱ्यांचा वापर महिन्याला 100 जीबीपर्यंत, धंदा करायचा नाही. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइट खातं, तरी सगळ्या वह्यांचा मजकूर मोबाईलच्या एका फोटोएवढाही भरत नाही. जागा खातात ते फोटोच. ते वेबपी या आटोपशीर फोटो-प्रकारात दोनशे केबीपर्यंत उतरवले की अक्षर वाचता येतं आणि 1 जीबीत पाचेक हजार पानं बसतात. बाबांनी शंभरी गाठली तरी पुरेल.

दोन गोष्टी मात्र कुठल्याच यादीत सापडत नाहीत. फाईलचं नाव देवनागरीत ठेवू नका. ‘जून’ एवढ्या नावाची लिंक व्हॉट्सॲपवर चिकटवली की टक्क्याच्या खुणा आणि रोमन अक्षरं-आकडे मिळून सत्तावीस चिन्हांची आगगाडी होते. आत मजकूर मराठीत, फाईलचं नाव रोमनमध्ये, हेच बरं. दुसरं म्हणजे फुकट खात्यात साईटची रेपॉझिटरी, म्हणजे फाईली आणि त्यांतल्या बदलांच्या नोंदी असलेलं कपाट, सार्वजनिक असावी लागते. फाईल नंतर काढली तरी जुन्या नोंदींत ती दिसत राहते. बाबांच्या वह्यांच्या मागच्या पानांवर गल्लीतल्या लोकांची उसनवारी लिहिलेली आहे, रकमेसकट. ती पानं मी फोटोलाच घेतली नाहीत.

2019 च्या ऑगस्टची पानं सगळ्यांत आधी चढवली. कोल्हापूर-सांगलीचा पूर म्हटल्यावर लोक तीच आधी बघणार.

होस्टिंग फुकट मिळतं, पण साईटचं स्वतःचं नाव फुकट मिळत नाही. फुकट डॉट-टीके नावं वाटणाऱ्या फ्रीनॉमने 2023 मध्ये नवी नोंदणी थांबवली, आणि तसंही स्वतःचं नाव असलं की होस्टिंग बदललं तरी पत्ता तोच राहतो. मी डॉट-इन घेतलं. पत्त्यापुढे सुरक्षित जोडणीचं एचटीटीपीएस लागतं, त्याचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून आपोआप, बिनपैशाचं आलं.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, “दरसाल पैसे? मग फुकट कसलं गं?” वर नूतनीकरणाची तारीख विचारून घेतली आणि विम्याच्या हप्त्यांच्या वहीत लिहून ठेवली.